मोरसाहेबांच्या बेटावर गप्पांना बंदी

"मेंढ्या माणसं खायला लागल्यात असं कुणी लिहील का, ताई?" मेंदीच्या कुंपणावर ओला टॉवेल पसरत वहिनींनी विचारलं.

"लिहिलंय ना. 1516 साली, लंडनच्या एका वकिलाने."

"वकील का! मग काहीही लिहील."

आमच्या वहिनी एकदा ग्रामपंचायतीवर निवडून आल्या होत्या. पाच वर्षं पुरी करून बाहेर पडल्या आणि परत तिकडे फिरकल्या नाहीत. तेव्हापासून राज्यकारभार या विषयावर त्यांचं मत विचारावं लागत नाही, ते आपणहून येतं.

"अहो, झालं असं की तिकडे लोकरीला भाव आला. शेतीपेक्षा मेंढ्या परवडायला लागल्या. मग जमीनदारांनी गावाचं गायरान, कुळांची शेतं, सगळ्याला कुंपण घालून आत मेंढ्या सोडल्या. कुळं रस्त्यावर आली. पोटासाठी चोरी केली की सरळ फाशी. हा वकील म्हणतो, चोर तुम्हीच तयार करता आणि फासावरही तुम्हीच चढवता. आता मेंढ्या माणसं खातात म्हटलं तर चुकलं कुठे?"

"कुंपणच शेत खातं म्हणायचं." वहिनींनी टॉवेलची सुरकुती सरळ केली. "नाव काय म्हणालात त्याचं?"

"टॉमस मोर."

"मोरे?"

"मोर. न्यायाधीशाचा मुलगा, जन्म 1478चा. हुशार, विनोदी, लॅटिन पाण्यासारखं येणारा. घरात माकड पाळलेलं. मुलींना लॅटिन-ग्रीक शिकवलं, त्या काळात बरं का. पहिली बायको गेली तर महिन्याभरात दुसरं लग्न, आणि तेही वयाने मोठ्या विधवेशी."

"महिन्याभरात?" टॉवेल राहिला बाजूला. "लोक काय म्हणाले?"

"पदरात चार लहान मुलं होती. काय म्हणणार?"

"म्हणालेच असतील," वहिनी म्हणाल्या. "बरं, पुढे?"

पुढची हकिकत अशी. 1515 साली राजा आठव्या हेन्रीने मोरला व्यापाराच्या बोलणीसाठी फ्लँडर्सला पाठवलं. बोलणी रेंगाळली. मोर अँटवर्पला आपला मित्र पीटर गिलिस याच्याकडे गेला. हा गिलिस तिथल्या नगरपालिकेत मोठ्या हुद्द्यावर होता. हातात वेळ होता, तेव्हा मोरने एका बेटाची गोष्ट लिहायला घेतली, आणि वर्षभराने त्याचा जिवलग मित्र इरॅस्मस याने लुव्हेनच्या छापखान्यातून ती छापून आणली. यूटोपिया. गोष्ट सांगणारा आहे राफाएल नावाचा पोर्तुगीज फिरस्ता. अमेरिगो व्हेस्पुचीच्या गलबतावरून गेलेला, तिकडेच मागे राहिलेला, हे बेट बघून आलेला. परत कसा आला, तर श्रीलंकेवरून कालिकतला, आणि तिथून पोर्तुगीज जहाज मिळालं म्हणून मायदेशी.

"कालिकत? म्हणजे आपलं केरळातलं?"

"तेच. गोवा पोर्तुगीजांकडे जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. असे खलाशी बंदराबंदरांत भेटत असणार. थाप मारायची तर अशी मारावी."

"आणि बेटावर काय काय होतं?"

मी सांगायला लागले आणि वहिनींचा चेहरा हळूहळू उजळत गेला. बेटावर 54 शहरं, सगळी एकाच नकाशाची. खाजगी मालकी नाही. पैसा नाही. दाराला कुलूप नाही, कुणीही यावं. दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरं बदलायची, म्हणजे घराचा मोह नको. काम दिवसाला सहा तास, तीन दुपारच्या आधी, तीन नंतर. शेतीवर प्रत्येकाने दोन वर्षं राबायचं, बाई असो वा बाप्या. सोन्याची किंमत इतकीच की त्याची शौचाची भांडी करायची आणि कैद्यांच्या बेड्या. मोती लहान मुलांना खेळायला. एकदा परदेशचे राजदूत सोन्याच्या साखळ्या आणि मोती घालून थाटात आले, तर रस्त्यातली पोरं आईला म्हणाली, बघ गं, एवढा मोठा झाला तरी मोती घालतो! आई म्हणाली, गप रे, तो त्यांचा विदूषक असेल.

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. "हे मात्र आवडलं. आणि स्वयंपाक?"

"घरोघरी नाही. तीस घरांमागे एक भोजनगृह. कर्णा वाजला की सगळ्यांनी जायचं."

"कुणी करायचा तो?"

"बायकांनी. पाळीपाळीने."

"हं."

"जड आणि घाणीची कामं गुलामांकडे."

"गुलाम?" वहिनी सरळ उभ्या राहिल्या. "आत्ताच म्हणालात ना सगळे सारखे?"

तिथूनच गाडी उताराला लागली. गुलाम म्हणजे तिथले गुन्हेगार, लढाईत पकडलेले, परदेशातून फाशीच्या शिक्षेतून सोडवून आणलेले. जनावरं कापायचं कामसुद्धा त्यांच्याकडेच, कारण नागरिकाने कापाकापी केली तर त्याच्या मनातली दया आटेल. मग मी आणखी सांगितलं. कपडे सगळ्यांचे एकाच तऱ्हेचे. दुसऱ्या शहरात जायचं तर वरिष्ठाचं पत्र लागतं. पत्राशिवाय सापडलात तर पळून गेलेला म्हणून परत आणणार, पुन्हा सापडलात तर गुलामी. महिन्याच्या शेवटच्या सणाला देवळात जाण्याआधी बायकांनी नवऱ्यापुढे गुडघे टेकून आपल्या चुका कबूल करायच्या.

"आणि नवऱ्यांनी?"

"पुस्तकात नाही."

"नसणारच." वहिनींनी टॉवेल ओढून घेतला, पुन्हा पसरला. "मुलींना ग्रीक शिकवलं म्हणालात ना? आणि लिहायला बसला तेव्हा हे."

"आणखी एक आहे. तिथे राज्यकारभाराच्या गोष्टी सभेबाहेर बोलायच्या नाहीत. बोललात तर देहदंड."

वहिनी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. "सभेबाहेर म्हणजे कुठे? हे असं?"

"हे असंच. कुणी चार जणांनी मिळून गुपचूप राज्य उलथवू नये म्हणून नियम."

"ताई, मी पाच वर्षं सभेत बसले. सभेत काय बोलतात ते मला विचारा. खरं काय ते सभेच्या आधी चहाला ठरतं, नाहीतर नंतर आमच्या या कुंपणावर कळतं. ज्या गावात कुंपणावरची गप्प होतात ना, तिथे समजून जावं."

मी वाद घातला नाही. मोर भाबडा नव्हता हे मात्र सांगायला हवं होतं. पुस्तकाच्या शेवटी तो स्वतः म्हणतो की त्या बेटावरचं पुष्कळसं मला चमत्कारिक वाटलं, काही गोष्टी आपल्याकडे याव्यात अशी इच्छा आहे, आशा नाही. लोक पाचशे वर्षं भांडताहेत, हे त्याचं स्वप्न होतं की थट्टा. मला वाटतं, पहिला भाग, म्हणजे मेंढ्यांचा आणि फाशीचा, तो मनापासून लिहितो. दुसऱ्या भागात वकील बोलतो: हे बघा, पैसा आणि मालकी काढून टाकली तर एवढं सगळं साधतं, आणि त्याची किंमत एवढी पडते. खाली सही करायची की नाही, तुमचं तुम्ही बघा.

"पण राजाला असल्या माणसाचा उपयोग काय?" वहिनींचा प्रश्न नेहमी मुद्द्यावर असतो.

गंमत म्हणजे पुस्तकात हाच प्रश्न आहे. शहाण्या माणसाने राजाची चाकरी करावी का? राफाएल म्हणतो, मुळीच नाही, राजांना लढाया हव्या असतात, सल्ला नको असतो. पुस्तकातला मोर म्हणतो, थेट बोलून जमत नसेल तर आडवळणाने बोला. चांगलं करता आलं नाही तर निदान वाईट कमी करा. आणि छापून झाल्यावर वर्षा-दीड वर्षात खरा मोर राजाच्या नोकरीत रुजू झाला.

"झालं! पद मिळालं की सगळे राफाएल गप्प."

"थांबा, त्याच्याकडे येऊच. आधी इटलीतल्या दुसऱ्याची गोष्ट ऐका. तो तुम्हाला पटेल."

निकोलो मॅकियाव्हेली, फ्लॉरेन्सचा, 1469चा जन्म. त्या शहराने आदर्श राज्याचा एक प्रयोग डोळ्यांदेखत पाहिला होता. साव्होनारोला नावाचा संन्यासी गावाला पुण्यवान करायला निघाला. 1497च्या फेब्रुवारीत भर चौकात आरसे, पत्ते, मुखवटे, चित्रं, उंची कपडे यांची होळी केली. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याच गावाने त्याच चौकात त्यालाच फासावर चढवलं आणि खाली आग लावली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मॅकियाव्हेलीला सरकारी कचेरीत सचिवाची नोकरी लागली. तो चौदा वर्षं तिथे होता आणि राजांकडे, पोपकडे, सेनापतींकडे वकिलातीला फिरला. 1512 साली पूर्वी सत्तेवर असलेलं मेदिची घराणं परत आलं आणि याची नोकरी गेली. मग कुठल्याशा कटवाल्यांच्या यादीत नाव सापडलं म्हणून कैद, हात मागे बांधून दोरीने वर ओढायचं आणि खाली सोडायचं, असं सहा वेळा. सुटला कसा? मेदिची घराण्यातलाच एक जण पोप झाला, त्या आनंदात कैदी सोडले.

"चौदा वर्षं नोकरी करून हे?" वहिनी हळहळल्या. "बायको-मुलं?"

"होती की. बायको मरिएत्ता. तिचं एकच पत्र आज शिल्लक आहे, हा दौऱ्यावर असतानाचं. तान्हा मुलगा तुमच्यावरच गेलाय, म्हणून मला सुंदर वाटतो, असं लिहिते."

"बिचारी."

तर हा निकोलो शहराबाहेर आपल्या लहानशा शेतावर राहायला गेला. तिथे दिवस कसा जातो ते त्याने 1513च्या डिसेंबरात एका मित्राला लिहिलं आहे. सकाळी रान तोडणाऱ्यांशी वाद. मग रस्त्याकडेच्या खाणावळीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना बातम्या विचारायच्या. जेवून पुन्हा तिथेच. खाणावळवाला, एक खाटीक, एक पिठाच्या गिरणीवाला, दोन भट्टीवाले यांच्याबरोबर पत्ते. एका दमडीवरून एवढी बोलाबोली की आवाज शेजारच्या गावापर्यंत. संध्याकाळी घरी येऊन चिखलाचे कपडे उतरवायचे, दरबाराचे चढवायचे आणि जुन्या रोमन-ग्रीक ग्रंथकारांच्या संगतीला बसायचं, चार तास. त्या बैठकांतून एक छोटं पुस्तक झालं. प्रिन्स.

"मेलेल्यांशी गप्पा," वहिनी म्हणाल्या, "पण कपडे बदलून. माणूस रीतीचा दिसतो."

या पुस्तकात मॅकियाव्हेली म्हणतो, पुष्कळांनी अशी राज्यं कल्पिली जी कुणी पाहिलेली नाहीत. माणसाने कसं जगावं आणि माणसं कशी जगतात यात एवढं अंतर आहे की पहिल्याच्या नादाला लागलेला बुडतो. हे मोरच्या बेटाच्या तीन वर्षं आधीचं, म्हणजे मोरला उद्देशून नव्हे. पण मला ही दोन पुस्तकं एकमेकांशी कुंपणावरून बोलल्यासारखी वाटतात.

वहिनींना तत्त्व नको असतं, उदाहरण लागतं. मी चेझेनाची गोष्ट सांगितली. चेझारे बोर्जिया, पोपचा मुलगा.

"पोपला मुलगा?"

"तेव्हा चालायचं. त्याने रोमान्या नावाचा प्रांत जिंकला. तिथे लुटालूट माजलेली. त्याने रेमिर्रो नावाचा एक कठोर अधिकारी नेमला आणि सगळे अधिकार दिले. थोड्याच दिवसांत प्रांत शांत, पण लोकांच्या मनात त्या अधिकाऱ्याबद्दल भयंकर राग. मग 1502च्या डिसेंबरात एका सकाळी चेझेनाच्या चौकात लोकांनी पाहिलं तर रेमिर्रोचे दोन तुकडे पडलेले, शेजारी लाकडाचा ठोकळा आणि रक्ताळलेला सुरा. लोक खूषही झाले आणि हादरलेही. मॅकियाव्हेली तेव्हा वकिलातीवर त्याच गावात होता."

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काम काढून घ्यायचं आणि खापर त्याच्याच डोक्यावर फोडायचं. आमच्याकडे तुकडे नाही करत. बदली करतात."

"मॅकियाव्हेली याचं कौतुक करतो."

"कौतुक कशाला, ओळखतो म्हणा. पण मग त्याला नोकरी मिळाली असेल परत?"

नाही मिळाली. पुस्तक मेदिचींना अर्पण केलं, त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. त्याने दुसऱ्या एका मोठ्या ग्रंथात प्रजासत्ताकाची बाजू जीव ओतून मांडली, नाटकं लिहिली, 1527 साली वारला. प्रिन्स छापलं गेलं 1532 साली आणि 1559 साली पोपने ते बंदीच्या यादीत घातलं. राजाला नोकरी कशी टिकवावी हे सांगणाऱ्याला स्वतःची टिकवता आली नाही.

"मोरचं बेट कुणी करून पाहिलं का खरोखर?" वहिनींनी आता कुंपणावर कोपरं टेकली होती.

पाहिलं. तेही मेक्सिकोत. व्हास्को दे किरोगा नावाचा स्पॅनिश न्यायाधीश 1531 साली तिकडे गेला. लढाई, रोग आणि वेठबिगारीने तिथले लोक देशोधडीला लागले होते. याच्या हातात यूटोपिया होती, आणि त्याने ती थट्टा म्हणून वाचली नाही, सरकारी आदेशासारखी वाचली. मेक्सिको शहराजवळ सांता फे नावाची वस्ती वसवली, मग पात्स्क्वारो तळ्याकाठी दुसरी. सामाईक जमीन, सहा तास काम, आजारी-म्हाताऱ्यांची सोय, प्रत्येकाने शेती आणि एक कारागिरी शिकायची. पुढे तो त्या भागाचा बिशप झाला. तिथले लोक आजही त्याला प्रेमाने ताता व्हास्को म्हणतात.

"बघा! जमलं की."

"जमलं. पण नियम करणारा स्पॅनिश, पाळणारे तिथले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं."

"विचारून कोण करतं," वहिनी म्हणाल्या, पण त्यांचा आवाज जरा मऊ झाला होता. सहा तास आणि म्हाताऱ्यांची सोय, हे त्यांच्या मनात बसलं असणार.

असंच कल्पनेतलं राज्य लिहिणाऱ्या कांपानेल्लाचं मी थोडक्यात उरकलं. स्पेनविरुद्ध कट केला म्हणून नेपल्सच्या तुरुंगांत सत्तावीस वर्षं काढणारा हा संन्यासी. वेडाचं सोंग घेऊन जीव वाचवला आणि तुरुंगात बसून सूर्यनगरी लिहिली. ही नगरीही श्रीलंकेच्या बाजूलाच, आणि तिथले लोक मुळात हिंदुस्थानातून जुलमाला कंटाळून गेलेले, असं तो लिहितो. सात तट, भिंतींवर सगळ्या विद्यांची चित्रं, मुलं हिंडता-फिरता शिकतात, काम चारच तास. लग्नं मात्र सरकार जुळवणार, ज्योतिष्याला विचारून, लठ्ठ बाईला रोडका पुरुष.

"आणि तिला काय वाटतं ते?"

"मोरने तेवढी सोय ठेवलीय बरं का. लग्नाआधी एकमेकांना विवस्त्र बघून घ्यायचं, जबाबदार माणसं समोर ठेवून. घोडा घेतानासुद्धा खोगीर काढून बघता, म्हणतो."

"इश्श! ग्रीक शिकलेल्या मुलींच्या बापाने लिहावं का हे!" वहिनींनी चटकन मागे वळून पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. "त्याचं शेवटी काय झालं ते सांगा."

मोर चढत चढत 1529 साली चान्सलर झाला. राजाच्या खालोखाल. यूटोपियात कुणीही कुठलाही धर्म पाळावा अशी मोकळीक होती. चान्सलर मोरच्या कारकिर्दीत पाखंडी म्हणून सहा जणांना जाळलं, आणि त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. हे त्याच्या भक्तांना आवडत नाही, पण सांगितलंच पाहिजे. राजाचा मात्र त्याच्यावर जीव होता. मोरच्या चेल्सीच्या बागेत त्याच्या गळ्यात हात टाकून फिरायचा. जावयाने कौतुक केलं तर मोर म्हणाला, माझं डोकं देऊन त्याला फ्रान्समधला एक किल्ला मिळणार असेल, तर ते जायला वेळ लागणार नाही.

मग हेन्रीला पहिली राणी टाकून ॲन बोलिनशी लग्न करायचं होतं. पोप परवानगी देईना, तेव्हा राजाच चर्चचा प्रमुख झाला. मोरने 1532 साली राजीनामा दिला. 1534 साली हे सगळं मान्य असल्याची शपथ घ्यायला नकार दिला. नकाराचं कारणही सांगितलं नाही, एक अक्षर नाही. बोललं तर पकडतील, आणि कायद्यात मौन म्हणजे संमती. वकील होता ना. लंडनच्या टॉवरमध्ये कोठडीत घातलं. बायको ॲलिस भेटायला आली आणि भडकली. घरी एवढं चांगलं घर, बाग, पुस्तकं असताना उंदरांच्या सहवासात बसून राहायचं हा कसला शहाणपणा?

"बरोबर बोलली," वहिनी म्हणाल्या. "अगदी बरोबर बोलली."

"तरी तो बोलेना. मग 1535च्या जूनमध्ये त्याची पुस्तकं जप्त करायला माणसं आली. त्यांच्यात रिचर्ड रिच नावाचा सरकारी वकील. पुस्तकं बांधली जात असताना त्याने सहज गप्पा काढल्या. समजा संसदेने मला राजा केलं तर तुम्ही मानाल का? समजा पोप केलं तर? दोन वकील, तर्काचा खेळ चालला. खटल्यात या रिचने शपथेवर सांगितलं की मोर त्या गप्पांत राजद्रोहाचं बोलला. मोर म्हणाला, साफ खोटं. खोलीतल्या दुसऱ्या दोघांना साक्षीला बोलावलं. ते म्हणाले, आम्ही पुस्तकं पोत्यांत भरत होतो, आमचं लक्ष नव्हतं."

वहिनी थक्क. "म्हणजे गप्पांवरून?"

"गप्पांवरून. 1 जुलैला खटला, 6 जुलैला डोकं उडवलं."

"सभेबाहेर बोलेल त्याला मरण, हा त्याचाच नियम ना?" त्या हळूच म्हणाल्या. "पण ताई, दोन माणसं खोलीत असून त्यांनी ऐकलं नाही? पोती भरताना कान बंद होतात का? ते ऐकत होते हो. पण ऐकलं म्हटलं तर मोरला मारल्याचं पाप लागणार, आणि रिच खोटं बोलतोय म्हटलं तर त्यांची पाळी. आमच्याकडे ठरावावर सही करताना असे पुष्कळ जण खिडकीबाहेर बघायचे."

रिच पुढे स्वतः चान्सलर झाला, हे ऐकून त्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. मोरचं डोकं लंडन ब्रिजवर लावलं होतं, ते त्याच्या मुलीने, ग्रीक शिकलेल्या मार्गारेटने मिळवून जपून ठेवलं. ते ऐकून मात्र त्यांनी डोळे टिपले.

"आणि पुढे तो कोण कोण झाला माहीतय? 1918 साली रशियात लेनिनच्या सरकारने मॉस्कोच्या बागेतल्या स्तंभावरची झारांची नावं काढून क्रांतीच्या पूर्वसुरींची नावं कोरली, त्यात मोर. 1935 साली पोपने त्याला संत केलं. 2000 साली तर जगातल्या राजकारण्यांचा पालक संत म्हणून जाहीर केलं."

"दोन्ही पार्ट्यांच्या फ्लेक्सवर!" वहिनी खळखळून हसल्या. "आणि निकोलो?"

"स्तंभावर नाही, संतांत नाही. फ्लॉरेन्सच्या ज्या चर्चमध्ये मायकेलअँजेलोची समाधी आहे, तिथेच याचीही आहे. नाव मात्र जगभर शिवीसारखं वापरतात."

"ज्यांनी वाचलं नाही तेच वापरत असतील. आमच्या तालुक्यातल्या सगळ्यांना तुमचं ते प्रिन्स न वाचताच पाठ आहे." वहिनींनी कोपरं उचलली. "मला ते मेंढ्यांचं द्या वाचायला. पहिला भागच द्या, दुसरा नको. आणि काय हो, त्या किरोगाने म्हाताऱ्यांची सोय केली म्हणालात, त्याचा खर्च कुठून काढला ते कुठे दिलंय का?"